लेखक गावाकडचा, वाचक उपनगरातला

पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात व्यासपीठ एका टोकाला असतं आणि पुस्तकविक्रीचं टेबल दुसऱ्या. गेली बरीच वर्षं मी त्या दुसऱ्या टोकाला उभी असते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, दहिसर; जिथे मराठी पुस्तकाचा कार्यक्रम असेल तिथे आमच्या दुकानाचं टेबल लागतं. सुरुवातीला माझं काम एवढंच होतं की गठ्ठे न्यायचे, पुस्तकं मांडायची, पावत्या फाडायच्या आणि उरलेली पुस्तकं मोजून परत आणायची. पुढे लेखकाला फोन करण्यापासून सभागृह ठरवण्यापर्यंतची कामं अंगावर येत गेली. आता माझे बरेचसे शनिवार-रविवार त्यातच जातात.

या कामाने मला जे शिकवलं ते मी ठामपणे सांगते. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तळकोकणात आणि कोल्हापूरच्या बाजूला राहून जे लेखक लिहितात, त्यांचा फार मोठा वाचक मुंबईच्या उपनगरांत राहतो. आपण कुणाचे तरी वाचक आहोत हे त्यातल्या अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं. शाळा सुटल्यावर त्यांनी पुस्तक हातात धरलेलं नसतं. पण लेखक त्यांच्या वस्तीत आला, त्यांच्या बोलीत चार वाक्यं बोलला, की हीच माणसं टेबलापाशी येतात आणि पुस्तक चाळत नाहीत, थेट विकत घेतात.

यामागे इतिहास आहे. कोकणातला चाकरमानी पूर्वी परळ-लालबागला राहायचा, गिरणीत काम करायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले कित्येक पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, घरात दुसरी-तिसरी पिढी मावेना. मग कुणी भांडुपला खोली घेतली, कुणी मुलुंडला, कुणी बोरिवली-दहिसरच्या पुढे सरकलं. घाटकोपरच्या चढावरच्या वस्त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं आधीपासून होतीच. माथाडी कामगार, बाजारात ओझी वाहणारी, पुढे रिक्षा चालवणारी. गिरणगावात एका चाळीत, एका गावकरी मंडळाच्या खोलीत जे एकत्र होतं, ते उपनगरांत विखुरलं. मात्र गावाशी असलेली नाळ काही तुटली नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर तर जाणं-येणं वाढलंच.

थंडीच्या दिवसांत उपनगरांतल्या मैदानांवर मालवणी जत्रा भरतात तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. खाजं, कोकम, कुळथाचं पीठ, कोंबडी-वडे यांचे स्टॉल, रात्री दशावतार. अशा एका जत्रेत आम्ही कोकमवाल्याच्या शेजारी पुस्तकांचं टेबल लावलं होतं. लोक कुळीथ घ्यायला यायचे आणि जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ घेऊन जायचे. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’च्या प्रती दुसऱ्याच दिवशी संपल्या. घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी पाठीमागचा मजकूर वाचलाही नव्हता. दळवी आरवलीचे, खानोलकर कुडाळचे, एवढं त्यांना पुरलं.

माझं माहेर नाशिकचं, सासर देवगड तालुक्यातलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. हळूहळू कान तयार झाला. पुस्तकांच्या कामात त्या कानाचा जो उपयोग झाला, तो कुठल्याही पदवीचा झाला नसता. टेबलापुढे उभं राहिलेलं माणूस पहिल्या वाक्यात कुठल्या बाजूचं आहे हे मला कळतं, आणि त्याच्या हातात कुठलं पुस्तक द्यायचं हेही.

लागोपाठच्या दोन वर्षांनी या कामाला मोठं बळ दिलं. 2022 चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला मिळाला आणि 2023 चा कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला. बांदेकर सावंतवाडीत इंग्रजीचे प्राध्यापक, खोत पन्हाळ्याच्या परिसरातले. दोघेही राहतात दक्षिणेकडे, लिहितात तिथल्याच माणसांबद्दल. आणि या दोन्ही कादंबऱ्या काढल्या बोरिवलीतून काम करणाऱ्या एका प्रकाशन संस्थेने, येशू पाटील यांच्या शब्द पब्लिकेशनने. त्यांचंच ‘मुक्त शब्द’ मासिकही तिथून निघतं. सावंतवाडी आणि पन्हाळ्याची कादंबरी बोरिवलीत छापायला गेली, आणि तिथून दिल्लीपर्यंत पोचली. उपनगरात पुस्तकाचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला याचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. मराठी प्रकाशन म्हटलं की पुणे, फार तर दादर-गिरगाव, अशी समजूत आहे. ती या दोन पुस्तकांनी मोडली.

अकादमीचा पुरस्कार म्हणजे एक लाख रुपये आणि ताम्रफलक. लेखकाच्या दृष्टीने त्याचं मोल वेगळं. टेबलावर मला दिसतो तो पुस्तकावर झालेला परिणाम. डिसेंबरात घोषणा होते, दुसऱ्या दिवशी ग्रंथालयांचे फोन सुरू होतात. पण पुरस्कारामुळे आलेली मागणी दोन-तीन महिन्यांत ओसरते. त्यानंतर पुस्तक चालतं ते एका माणसाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. ते सांगणं सुरू व्हायला लेखकाचं एकदा प्रत्यक्ष भेटणं फार उपयोगी पडतं. मराठी कादंबरीची आवृत्ती आजकाल बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते. एका वस्तीतला एक चांगला कार्यक्रम एवढ्या छोट्या आवृत्तीला दिशा देऊ शकतो.

मात्र कार्यक्रम कुठे घ्यायचा आणि कधी, याला महत्त्व आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येतं. कोकणातल्या लेखकाच्या नव्या पुस्तकाचा एक समारंभ मध्य मुंबईत झाला होता. सभागृह उत्तम, वक्ते नामवंत, निमंत्रणपत्रिका देखणी. खुर्च्या मात्र रिकाम्या. आलेल्यांत बरेचसे लेखक, समीक्षक, पत्रकार. त्यांच्याकडे पुस्तक आधीच भेट म्हणून पोचलेलं. टेबलावर विक्री जवळजवळ झालीच नाही. त्याच लेखकाला थोड्या दिवसांनी आम्ही भांडुपला एका शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. हार-तुऱ्यांचा थाट नव्हता. माणसं दारात उभी राहून ऐकत होती, आणि कार्यक्रम संपायच्या आत माझा गठ्ठा संपला.

आमचं कॅलेंडर ठरवताना मी आधी गावचं कॅलेंडर बघते. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे दहा दिवस कोकणी माणूस मुंबईत नसतो, असला तरी मनाने नसतो. शिमग्याला तेच. मे महिन्यात आंब्यांसाठी आणि लग्नांसाठी घरं बंद असतात. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक गावच्या जत्रेला, ऊरुसाला जातात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून शक्यतो शनिवारची संध्याकाळ. साडेपाचला ठेवलं तर नोकरदार पोचत नाहीत, सातला ठेवलं तर बायका स्वयंपाकासाठी उठून जातात. साडेसहा ही वेळ मला सगळ्यांत सोयीची वाटते. निमंत्रण व्हॉट्सॲपवर जातंच. त्याहून जास्त उपयोग होतो तो गावकरी मंडळाच्या सेक्रेटरीला केलेल्या फोनचा आणि मासळी बाजाराजवळच्या वाण्याच्या दुकानात लावलेल्या कागदाचा. मंडळाच्या सेक्रेटरीने शब्द टाकला की माणसं येतात. आमच्या पत्रिकेवर कुणाचंही नाव छापलं तरी तेवढी येत नाहीत.

लेखक येतात बहुधा रेल्वेने. सावंतवाडीहून निघणारी तुतारी एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी दादरला पोचते. केशवसुतांच्या कवितेवरून नाव ठेवलेली ही गाडी आमच्या कामाची आहे, कारण मुलुंड-भांडुपचा कार्यक्रम असला तर लेखकाला ठाण्यालाच उतरवता येतं. त्यांची राहण्याची सोय आम्ही कुणाच्या तरी घरी करतो. हॉटेलचा खर्च झेपत नाही हे खरं, पण त्याचा दुसरा फायदा आहे. दुपारी त्या घरात शेजारपाजारचे लोक डोकावतात, चहा होतो, गावच्या गोष्टी निघतात. संध्याकाळी तेच लोक सभागृहात पहिल्या रांगेत असतात. जाण्या-येण्याचा खर्च आणि मानधनाचं पाकीट मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लेखकाच्या हातात देते. गावाकडून येणारा लेखक मागणार नाही, आणि न मागणाऱ्याचं देणं मागे पडतं, हे मी पाहिलेलं आहे. रजा टाकून, गाडीत रात्र काढून आलेल्या माणसाला शाल आणि नारळ देऊन परत पाठवणं मला पटत नाही.

भांडुपच्या त्या संध्याकाळबद्दल थोडं सविस्तर सांगते. प्रास्ताविक, परिचय, सत्कार यांत अर्धा तास गेला होता. मागे बसलेली काही मुलं मोबाईलमध्ये गुंतली होती. लेखकाने पुस्तक उघडलं, एक पान वाचलं. प्रमाण मराठीत कथन आणि मालवणीत संवाद, अशी त्या कादंबरीची घडण आहे. पहिला संवाद आला तेव्हा पंख्याखाली बसलेल्या एका आजींनी मान वर केली. दुसरा आला तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. त्यांच्यामागून सगळा हॉल हसला. पुढची वीस मिनिटं लेखक वाचत होता आणि लोक मध्ये मध्ये बोलत होते. कुणी पुढचा शब्द आधीच म्हणत होतं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारून काही सांगत होतं. दशावताराच्या खेळात प्रेक्षक जसा नटाशी बोलतो, तसं ते चाललं होतं. लेखकही थांबायचा, उत्तर द्यायचा, पुन्हा वाचायचा.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्या आजी उठल्या. माईक हातात घेतला नाही. म्हणाल्या, “रे झिला, तू लिवलंस तां खरा, पण तो माणूस असो नाय होतो हां.” कादंबरीतल्या एका पात्राबद्दल त्यांची तक्रार होती. आपल्या वाडीतल्याच कुणाला तरी लेखकाने पुस्तकात घातलं आणि त्याच्यावर अन्याय केला, अशी त्यांची खात्री झाली होती. लेखक खुर्चीवरून उठून त्यांच्यापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, “तो वायलो, मावशे. तुमच्या वाडीतलो नाय.” आजींना ते पटलं नाही. त्यांनी त्या माणसाची सगळी हकिकत सांगितली. त्याने दुष्काळात कुणाला भात दिलं, कुणाची केस कोर्टात लढवली, शेवटी मुलांनी कसं टाकलं. लेखक उभा राहून ऐकत होता. नंतर टेबलापाशी आला तेव्हा माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि दोन-तीन नावं लिहून खिशात ठेवली.

त्या आजींनी पुस्तक विकत घेतलं. “माका आता दिसना नाय. नातू वाचून दाखयतलो,” म्हणाल्या. नातू शेजारी उभा होता, इंग्रजी माध्यमातला, कॉलेजात जाणारा. त्याने पैसे फोनवरून दिले आणि हळूच मला विचारलं की या पुस्तकाची ऑडिओ आवृत्ती आहे का. मी त्याला सांगितलं, आधी दोन पानं आजीला वाचून दाखव, अडलं तर ती सांगेल. काही महिन्यांनी तो पुन्हा एका कार्यक्रमाला आला, एकटा. 2025 मध्ये ‘दशावतार’ चित्रपट लागला तेव्हा अशी बरीच तरुण मुलं टेबलाशी येऊ लागली. चित्रपट पाहून आलेली, घरी मालवणी ऐकलेली, देवनागरी सावकाश वाचणारी. त्यांना जाडजूड कादंबरी देऊन चालत नाही. कथासंग्रह द्यावा, कविता द्यावी. गाडी एकदा रुळावर आली की पुढचं स्टेशन ही मुलं स्वतः शोधतात.

स्वाक्षरीसाठी रांग लागली की मी एक पद्धत पाळते. रांगेतल्या प्रत्येकाकडून त्याचं नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून घेते आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवते. लेखकाला नाव विचारत बसावं लागत नाही, आणि गाव वाचल्यावर त्याला बोलायला विषय मिळतो. “तुमी पिंगुळीचे? मगे बाहुल्यांचो खेळ बघललो असतलात.” पिंगुळीच्या ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा जुनी आहे, ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा एका वाक्याने माणूस मोकळा होतो. त्याच्या गावातली गोष्ट पुस्तकाच्या जगात मोजली जाते हे त्याला पहिल्यांदा जाणवतं. चिठ्ठ्या मी नंतर जपून ठेवते. पुढचा लेखक कुठे बोलवायचा हे त्याच मला सांगतात.

घाटकोपरला वेगळा अनुभव आला. ‘रिंगाण’ वाचून झालेल्या काही जणांची चर्चा एका छोट्या वाचनालयात ठेवली होती. धरणासाठी गाव उठतं, माणसं दुसरीकडे वसवली जातात, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला देवाप्पा जुन्या जागी परत जातो, अशी त्या कादंबरीची कथा आहे. माणूस आणि जनावर यांच्यातलं नातं, जंगल झालेलं गाव, आणि परतीला वाट न उरणं. चर्चेला आलेल्यांत एक निवृत्त गृहस्थ होते, साताऱ्याकडचे. कोयनेच्या पाण्याखाली त्यांचं घराणं उठलं तेव्हा ते लहान होते. बोलायला उभे राहिले आणि कादंबरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गोठा कुठे होता, ओढा कुठून यायचा, आजोबांनी निघताना कुठल्या झाडाला हात लावला, एवढंच सांगत राहिले. बाकीचे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हे कुणी तरी लिहिलंय म्हणजे आमचं झालं ते खोटं नव्हतं.” कोयनेच्या विस्थापितांवर सरकारी कागद पुष्कळ निघाले असतील. या माणसाला साक्ष मिळाली ती कादंबरीत.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांचीच कथा सांगते, आणि 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. म्हणजे बऱ्याच वर्षांनी दक्षिणेकडचाच दुसरा लेखक त्याच दुखण्याकडे वळला. त्या दिवसानंतर घाटकोपरला मी या दोन्ही कादंबऱ्या शेजारी-शेजारी ठेवते. एक घेणारा बहुधा दुसरीही घेतो.

लेखकाने लोकांसमोर यायलाच हवं असा माझा आग्रह नाही, हेही सांगायला हवं. सगळ्यांचा तो पिंड नसतो. जयवंत दळवी सभा-समारंभांपासून लांब राहत. त्यांनी ठणठणपाळाच्या नावाने ‘ललित’मध्ये साहित्यजगताची खबर घेतली, पण हार घालून घ्यायला ते सहसा जात नसत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. सीमाभागातल्या तंबाखू कामगारांच्या, टॅक्सीवाल्यांच्या, कष्टकऱ्यांच्या गोष्टी त्यांनी गिरणीच्या पिठात बसून लिहिल्या. 2024 मध्ये ते गेले. त्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं की मी त्यांच्याविषयी सांगते, आणि ते ऐकून लोक घेतात. न येणाऱ्या लेखकाच्या वतीने कुणी तरी बोलायला हवं. ते कामही विक्रेत्याचं, ग्रंथपालाचं, शिक्षकाचं आहे. मालवणी बोलीने सभागृहं भरतात हे तर 1980 मध्येच गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने दाखवून दिलं होतं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटकाला तिकीट काढून येणारा तोच माणूस पुस्तकाकडे येऊ शकतो. त्याला पुस्तकापर्यंत नेणारी व्यवस्था मात्र नाटकाएवढी कधी उभी राहिली नाही.

व्यवस्था म्हटलं की पहिलं नाव ग्रंथालयांचं. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं, आणि उपनगरांत त्यातली अनेक ग्रंथालयं संस्थांनी, शाळांनी, मंडळांनी जिवाच्या आकांताने टिकवून ठेवली आहेत. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 चा. आजही तिथे पुस्तकांवर गप्पा होतात, लेखक येतात. प्रत्येक ठिकाणी अशी मोठी वास्तू नसते. बऱ्याच जागी तळमजल्यावरची एक खोली, लोखंडी कपाटं, पेटीतली कार्डं आणि वर्गणी भरायला आलेले ज्येष्ठ नागरिक. नवी कादंबरी खरेदी होते, शिक्का मारून कपाटात जाते, आणि कुणी तिला हात लावत नाही. लेखक एकदा येऊन गेला की चित्र पालटतं. ग्रंथपाल बाई मला फोन करून सांगतात, “ताई, आणखी एक प्रत पाठवा, पहिली बाहेरच असते.” या एका फोनने माझा आठवडा चांगला जातो.

कोकणातल्या लेखकांना संघटनेचं बळ देण्याचं मोठं काम मधु मंगेश कर्णिकांनी केलं. 1990 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; त्यानंतर त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली. गावोगावच्या शाखा, छोटी संमेलनं, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. ‘ग्रंथाली’ने 1974 नंतर पुस्तक वाचकाच्या दारापर्यंत नेण्याची चळवळ केली, ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ त्याच चळवळीतून घराघरांत पोचली. माझ्यासारख्या टेबलवाल्या बाईच्या कामाची मुळं तिथे आहेत. त्या पिढीने जे केलं त्याच्या पुढचं पाऊल आज उपनगरात टाकायचं आहे, कारण माणूस आता तिथे राहायला गेला आहे.

लेखकांना यातून काय मिळतं, हेही मी त्यांना विचारते. एक जण म्हणाले की त्यांच्या तालुक्याच्या गावी मराठी पुस्तकांचं धड दुकान नाही. ज्यांच्यावर लिहितो त्यांना ते पुस्तक विकत घ्यायचं तर जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं. मुंबईच्या उपनगरात त्यांना त्याच गावचे लोक पुस्तकासकट भेटतात. दुसरे एक जण म्हणाले की समीक्षक कादंबरीतली शैली बघतो, आणि भांडुपचा वाचक भाताच्या लावणीची तारीख तपासतो. दोन्ही तपासण्या लेखकाला हव्यात. मला हे फार खरं वाटतं. गाव सोडून गेलेला माणूस गावाबद्दल जास्त काटेकोर असतो. त्याच्यासमोर खोटं चालत नाही. म्हणून या लेखकांनी इथे येणं त्यांच्या लिखाणाच्या हिताचं आहे.

आता माझी मागणी मांडते. प्रकाशकांनी पुस्तकाचा खर्च काढताना कागद, छपाई, बांधणी यांच्या ओळीतच लेखकाच्या एका उपनगर-दौऱ्याचा खर्च धरावा. रेल्वेचं तिकीट, एक-दोन दिवसांचं जेवण-राहणं आणि सन्मानाने दिलेलं मानधन. याहून मोठी रक्कम लागत नाही. पुण्यातलं किंवा दादरचं प्रकाशन जरूर व्हावं. त्यानंतरच्या महिनाभरात तळकोकणातल्या पुस्तकासाठी भांडुप आणि दहिसर, कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पुस्तकासाठी घाटकोपर आणि अंधेरीच्या पूर्वेकडच्या वस्त्या, असे दोन कार्यक्रम आधीच ठरलेले असावेत. ग्रंथालयांनी त्या दिवसापुरती आपली खोली द्यावी, गावकरी मंडळांनी माणसं आणावीत, आणि शाळांनी आठवी-नववीची मुलं पाठवावीत. भाषणं कमी ठेवा, वाचन जास्त ठेवा. लेखकाला त्याच्या बोलीत वाचू द्या. लोकांना मध्ये बोलू द्या.

मराठी माणसं वाचत नाहीत अशी ओरड मी गेली अनेक वर्षं ऐकते आहे. टेबलामागून मला तसं दिसत नाही. मला दिसतात ती वाचू शकणारी, पैसे देऊ शकणारी, आपल्या गावाबद्दल बोलायला आसुसलेली माणसं, ज्यांच्यापर्यंत कुणी पुस्तक घेऊन गेलेलं नाही. आपल्या हाताशी लेखक आहेत, पुरस्कारांनी त्यांच्यावर मोहोर उमटवली आहे, आणि त्यांचे वाचक लोकलच्या दोन-चार स्टेशनांच्या आत राहतात. त्यांची गाठ घालून देणं हे काम आहे, ते करता येतं, आणि ते उपनगरातल्या प्रत्येक वाचनालयाने यंदापासून हाती घ्यावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे.